आपल्या गोटात बोललेलं खरं

ख्रिस्ती झालेल्या दलिताला आपल्याकडे पहिला प्रश्न एकच विचारतात : काय मिळालं? मिशनची दूधपावडर मिळाली का, पोराला बोर्डिंगात जागा मिळाली का, बायकोला दवाखान्यात आयाची नोकरी लागली का? त्याचा विश्वास खरा की पोटासाठी, हे तपासायचा हक्क जणू गावातल्या प्रत्येकाला आहे. देवळाच्या दारात पिढ्यान् पिढ्या दक्षिणा घेणाऱ्याला मात्र हा प्रश्न कुणी विचारल्याचं मी ऐकलेलं नाही. त्याची श्रद्धा गृहीत धरायची. आमची तपासायची.

मी बौद्ध आहे. माझा ख्रिस्तावर विश्वास नाही, आणि ख्रिस्ती धर्माची वकिली करायला मी हा लेख लिहीत नाही. पण सार्वजनिक वादात कुणाला प्रामाणिक म्हणायचं आणि कशावरून, हा प्रश्न आपल्या चळवळीचाही आहे. मराठी मुलखात हा प्रश्न सगळ्यात जास्त ख्रिस्ती माणसांच्या नावानं गाजला. म्हणून तिथूनच बघू.

ह्या 'काय मिळालं?'च्या मुळाशी काय आहे? १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेबांनी येवल्याला धर्म सोडण्याची घोषणा केली. १९३६ च्या मे अखेरीस मुंबईच्या महार परिषदेत धर्मांतर का, याचा त्यांनी ऊहापोह केला. त्याच वर्षाच्या शेवटी अमेरिकन मिशनरी पुढारी जॉन मॉट गांधीजींना भेटले. अस्पृश्यांना शुभवर्तमान सांगण्याची गोष्ट निघाली तेव्हा गांधीजींनी उलट विचारलं, तुम्ही गाईला शुभवर्तमान सांगायला जाल काय? आणि पुढं असंही म्हणाले की समजेच्या बाबतीत काही अस्पृश्य गाईच्याही खाली आहेत. हे 'हरिजन'मध्ये छापून आलं. टीका झाल्यावर गाय आपल्याला पूज्य आहे, तेव्हा तुलनेत अपमान नाही, असा खुलासाही झाला. खुलाशानं काय बदललं? अस्पृश्याला धर्म कळत नाही, तो निवडू शकत नाही, त्याला फक्त नेता येतं. दावणीतून सोडलं की कुणाच्याही मागं जाईल. हा समज तसाच राहिला.

पुढं हाच समज कायद्यात बसला. मध्य प्रदेशात १९६८ साली धर्मांतरावर कायदा झाला. बळजबरीनं, फसवून किंवा आमिष दाखवून धर्मांतर केलं तर एक वर्षापर्यंत शिक्षा. पण ज्याचं धर्मांतर केलं तो अनुसूचित जातीचा किंवा जमातीचा असला, बाई असली किंवा अल्पवयीन पोर असलं, तर दोन वर्षांपर्यंत. उत्तर प्रदेशच्या २०२१ च्या कायद्यातही हीच तऱ्हा आहे. शिवाय धर्म बदलायच्या साठ दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्याला कळवायचं. म्हणजे ब्राह्मणानं धर्म बदलला तर त्यानं विचार केला असेल, आणि आम्ही बदलला तर आम्हाला कुणीतरी बदललं. शिकलेला, मिळवता, चाळिशीतला दलित पुरुष आणि आठ वर्षांचं पोर कायद्यानं एका ओळीत बसवले. बायांचंही तेच. त्यांना मन नाही, हे सरकारी कागदावर आलं.

तेव्हा दुसऱ्याच्या मनात डोकावून श्रद्धा तपासण्याचा हा धंदा आपण आधी बंद केला पाहिजे. मनात शिरायचं यंत्र कुणाकडे नाही. सार्वजनिक वादात माणसाचा प्रामाणिकपणा मोजायचा तर तो उघड्यावर दिसेल अशा गोष्टीनंच मोजला पाहिजे. माझं माप साधं आहे. विरोधकाला शिव्या घालायला प्रामाणिकपणा लागत नाही, तिथं टाळ्याच मिळतात. ज्यांच्या पंगतीला तू जेवतोस, ज्यांच्या पैशावर राहतोस, ज्यांच्यात तुझ्या मुलांची लग्नं होणार आहेत, त्यांना न आवडणारं खरं तू त्यांच्या तोंडावर बोललास काय? आणि बोलल्याचं काय भोगलंस? एवढंच बघायचं.

ह्या मापानं पंडिता रमाबाईंकडे बघा. त्यांचा पत्रव्यवहार १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं इंग्रजीत छापला. पत्रं गोळा केली होती सिस्टर जेरल्डिन ह्या इंग्लिश जोगिणीनं, संपादन केलं अ. भि. शहांनी. आपल्या चळवळीतल्या पोरांनी हे पुस्तक वाचायला पाहिजे. रमाबाई आपल्या होत्या म्हणून नाही. त्या आपल्या नव्हत्याच. वाद कसा घालावा ते त्यात दिसतं म्हणून.

रमाबाई १८८३ साली डॉक्टरकी शिकायला इंग्लंडला गेल्या. तोवर आई, बाप, बहीण, भाऊ सगळे गेलेले. शूद्र समजल्या जाणाऱ्या जातीतल्या बंगाली वकिलाशी लग्न केलं होतं, तोही दीड-दोन वर्षांत वारला. पदरी मनोरमा, दोन वर्षांची. वाँटेजच्या अँग्लिकन मठात जोगिणींनी आसरा दिला. सप्टेंबर १८८३ मध्ये मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. कानानं कमी ऐकू येत होतं म्हणून डॉक्टरकी राहिली. इकडं पुण्यात बोलायला तोंडं मोकळी झाली : बाई बाटली, आसऱ्यासाठी बाटली.

आसऱ्यासाठी बाटली असती तर पुढं काय केलं असतं? मुकाट्यानं माना डोलावल्या असत्या. घर त्यांचं, अन्न त्यांचं, मुलीचं शिक्षण त्यांच्या हातात. पण पत्रं उघडून बघा. बाप्तिस्मा घेऊन दोन वर्षंही झाली नाहीत तोच ही बाई जोगिणींशी भांडते आहे. पिता, पुत्र, पवित्र आत्मा हे त्रैक्य चर्च सांगतं म्हणून मी मानायचं काय? जे मला बायबलात सापडत नाही, माझ्या सदसद्विवेकबुद्धीला पटत नाही, ते मी कबूल करणार नाही. हिंदुस्थानातल्या भटांचं जू मोठ्या कष्टानं मानेवरून काढलं, आता दुसऱ्या भटांचं जू घ्यायला मी तयार नाही, अशा अर्थाचं ती लिहिते. चेल्टनहॅमच्या कॉलेजात पुरुषांना शिकवायचं निघालं तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. बाईनं पुरुषांना शिकवलं तर मायदेशात तिचं नाव जाईल म्हणे. ह्यात बिशपाला काय कळतं, असं रमाबाईंनी विचारलं. सिस्टर जेरल्डिननं त्यांना अहंकारी ठरवलं, हट्टी ठरवलं. आपल्याला हे शब्द ओळखीचे आहेत. वर मान केलेल्या प्रत्येकाला ते ऐकावे लागतात.

ह्या पत्रांत क्रुसाचं एक प्रकरण आहे. जोगिणींनी दिलेल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं होती. रमाबाई म्हणाल्या, ही भाषा मला येत नाही, माझ्या देशातल्या बायांना येत नाही, ती मी अंगावर घालणार नाही. इथपर्यंत आपण टाळ्या वाजवू. पण लॅटिनऐवजी त्यांनी काय मागितलं? संस्कृत! बाई धर्म सोडून सातासमुद्रापार गेली, तिथल्या धर्मगुरूंशी भांडली, पण देशाची भाषा म्हटल्यावर तिच्या तोंडून संस्कृतच आलं. वडारणीला, महारणीला लॅटिन जेवढी परकी तेवढीच संस्कृत परकी, हे तेव्हा त्यांच्या ध्यानी आलं नाही. प्रामाणिक माणसालाही आंधळी जागा असते. प्रामाणिक म्हटलं की सगळं बरोबर, असं नसतं.

आता त्याच काळातलं पुणं बघा. १८९० साली गोपाळराव जोशांनी पंच हौद मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्तानं पुण्यातल्या नामांकित मंडळींना बोलावलं. चहा आणि बिस्किटं पुढं आली. काहींनी घेतली, काहींनी नाही. मग गोपाळरावांनी हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापवली. झालं! शंकराचार्यांपर्यंत तक्रार गेली, चौकशी बसली, ग्रामण्य झालं. न्यायमूर्ती रानडे त्यात होते, टिळक होते. टिळकांनी काशीला आपण प्रायश्चित्त घेतल्याचं पुढं केलं. रानड्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतलं, आणि त्यांच्या पत्नी रमाबाई रानडे यांना ते किती लागलं हे त्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे.

मित्रांनो, ही काही अडाणी माणसं नव्हती. हायकोर्टाचा न्यायाधीश होणारा माणूस, देशाचा पुढारी होणारा माणूस. चहा प्याल्यानं विटाळ होतो असं रानड्यांना मनातून वाटत होतं असं कुणीही म्हणणार नाही. पण स्वतःच्या जातीत उभं राहून 'होय, प्यालो, त्यात पाप नाही, प्रायश्चित्त घेणार नाही' एवढं वाक्य निभावलं नाही. बहिणींची लग्नं, मित्रांची घरं, श्राद्धाला भट मिळणं, सगळं आड आलं. मी त्यांना लबाड म्हणत नाही. माझ्या मापानं ते कमी पडले, एवढंच म्हणतो.

पंच हौदापासून जवळच गंज पेठेत दुसरा एक हौद होता. तो जोतीराव फुल्यांच्या घरचा. १८६८ साली जोतीरावांनी तो अस्पृश्यांना खुला केला होता. चहाचं प्रकरण झालं त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला जोतीराव गेले. पाण्याचा हौद उघडला तो माणूस आणि चहाच्या कपावर दोन वर्षं चौकशी चालवणारं गाव, एकाच पुण्यात, हाकेच्या अंतरावर. त्यांनी प्रायश्चित्त घेतलं नाही. जातीतल्यांचं ऐकून बापानं घराबाहेर काढलं तेही त्यांनी तरुणपणीच सोसलं होतं.

जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. मिशनऱ्यांचे उपकार त्यांनी लपवले नाहीत, 'गुलामगिरी'त उघड मान्य केले. पण ते ख्रिस्ती झाले नाहीत. आणि रमाबाई ख्रिस्ती झाल्या म्हणून पुण्यातले सुधारक नाकं मुरडत होते तेव्हा १८८५ च्या 'सत्सार'मध्ये त्यांनी बाईची बाजू घेतली. शिकलेल्या बाईनं ब्राह्मणी धर्म वाचला आणि सोडला, यात नवल काय, हा त्यांचा रोख. ज्या धर्मात आपण जात नाही त्या धर्मात गेलेल्या माणसाच्या बुद्धीचा मान ठेवता येतो, हे जोतीरावांनी दाखवलं. आपल्या अभ्यासवर्गांत 'गुलामगिरी' वाचतात. 'सत्सार' कमी वाचतात.

१८८९ साली रमाबाईंनी मुंबईत शारदासदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आणलं. पैसा अमेरिकेतल्या मंडळाचा. अट अशी की इथं धर्म शिकवायचा नाही. सल्लागारांत रानडे, भांडारकर. रमाबाई आपल्या खोलीत मुलीला घेऊन प्रार्थना करीत. खोलीचं दार उघडं असे. काही मुली येऊन बसू लागल्या. 'केसरी'नं झोड उठवली. १८९३ साली सल्लागारांनी राजीनामे दिले, पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या.

इथं मी 'केसरी'ची बाजूही एकदा मांडतो. पालकांना तटस्थतेचं वचन दिलं होतं. लहान वयाच्या, आधार नसलेल्या मुली. जिच्या हाती अन्न तिचीच प्रार्थना. ह्यात दडपण नसतं असं म्हणणं भाबडेपणा होईल. हा प्रश्न विचारणं रास्त होतं. पण रमाबाईंनी उत्तर काय दिलं? त्यांनी प्रार्थना चोरून सुरू ठेवली नाही. मुलींना बोलावणार नाही, आणि आल्या तर दार लावून घेणार नाही, हे त्यांनी तोंडावर सांगितलं. मग सल्लागार गेले, मुली गेल्या, गावात नाव गेलं, तेही सोसलं. वाँटेजच्या जोगिणींना दिलेला नकार आणि पुण्याच्या सुधारकांना दिलेला नकार एकाच तोंडातून आलेले आहेत. म्हणून मी ह्या बाईला प्रामाणिक म्हणतो.

पण आपण दलितांनी इथं थांबून चालणार नाही. शारदासदनाच्या चुलीकडे बघितलंच पाहिजे. ब्राह्मण विधवांचं सोवळंओवळं तिथं सांभाळलं जात होतं. ज्या पुस्तकावर अमेरिकेत पैसा उभा राहिला त्याच्या नावातच उच्च जातीची हिंदू स्त्री आहे. एका परीनं हे नाव खरं बोलतं, कारण केशवपन आणि जन्माचं वैधव्य हे दुखणं मुख्यतः त्या जातींचंच होतं. आमच्यात पाट लागत होते. पण आमच्या बाईचं दुखणं त्या नावात नव्हतं, आणि त्या घराच्या चुलीजवळ तिला जागाही नव्हती. देवाबद्दल खरं बोलणारी बाई चुलीबद्दल गप्प राहिली.

पुढं काय झालं तेही सांगितलं पाहिजे, नाहीतर मीच अर्धवट बोललो असं होईल. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून रमाबाईंनी शेकड्यांनी पोरी-बाया आणल्या. केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं. तिथं जात विचारून घेणं शक्यच नव्हतं. भुकेनं सोवळं मोडलं. आणि क्रुसावर संस्कृत मागणाऱ्या त्याच बाईनं आयुष्याची शेवटची वर्षं हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणण्यात घालवली. कुठल्या मराठीत? अडाणी बाईला कळेल अशा साध्या, संस्कृत शब्द टाळलेल्या मराठीत. केडगावच्याच छापखान्यात, बायांच्या हातून जुळलेल्या खिळ्यांनी. १९२२ साली त्या वारल्या तेव्हा काम पुरं होत आलं होतं. आज 'आपली भाषा, आपली बोली' म्हणून आपण लेख लिहितो. त्या बाईनं ते काम रोज बसून वीसेक वर्षं केलं. तिचा देव मला नको. तिची मेहनत मी नाकारणार नाही.

नारायण वामन टिळकांचंही थोडक्यात बघा. १८९५ ला ख्रिस्ती झालेला हा ब्राह्मण कवी. १९१७ साली मिशनची पगारी नोकरी सोडली आणि बाप्तिस्मा घेतलेला-न घेतलेला असा भेद न करता 'देवाचा दरबार' काढायला निघाला. गोऱ्या मिशनऱ्यांचा वरचढपणा त्यानं त्यांच्यात राहून बोलून दाखवला. आणि लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त स्वतःचं सोवळं किती चिवट होतं ते लपवलं नाही. नवरा ख्रिस्ती झाला तरी आपल्या हातातला तांब्या कसा सुटत नव्हता, हे हसत हसत लिहिलं. सदाशिवपेठी आत्मचरित्रांत लेखक बहुधा जन्मापासूनच पुरोगामी असतो. त्यांच्या शेजारी हे पुस्तक ठेवलं की फरक कळतो.

आता बाबासाहेब. ख्रिस्ती धर्माबद्दल त्यांनी जे लिहिलं-बोललं ते आपल्यातली काही मंडळी अर्धंच सांगतात. एका बाजूनं त्यांनी गांधीजींच्या आक्षेपांना एकेक करून उत्तर दिलं. मिशनरी शाळा-दवाखान्यांचं आमिष दाखवतात, या आरोपाचा समाचार घेतला. अस्पृश्यांसाठी मिशनऱ्यांनी काय केलं ते मान्य केलं. दुसऱ्या बाजूनं मिशनऱ्यांनाही सोडलं नाही. आधी ब्राह्मणांच्या मागं लागलात, त्यात पैसा आणि काळ घालवलात, तुमच्या कॉलेजांचा फायदा वरच्या जातींना झाला. ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्याची जात गेली काय? तो अन्यायाविरुद्ध उठतो काय? पाप आपलंच, असं समजून तो गप्प बसतो, हे त्यांचं म्हणणं. हे लेख सरकारनं १९८९ साली समग्र वाङ्मयाच्या पाचव्या खंडात छापले.

आणि हे त्यांनी लिहूनच ठेवलं असं नाही. १९३८ च्या जानेवारीत सोलापूरला ख्रिस्ती समाजाच्या सभेत ते गेले. बुद्ध आणि ख्रिस्त ह्या दोन व्यक्तींनी आपल्याला ओढून घेतलं, असं तिथं म्हणाले. मग त्याच सभेत, त्याच लोकांना सांगितलं की दक्षिणेत तुमच्या चर्चमध्ये जाती पाळतात, आणि राजकारणात तुम्ही मागं आहात, हक्कांसाठी लढत नाही. त्या वेळी धर्मांतर कुठल्या धर्मात करायचं ते ठरलेलं नव्हतं. सगळे धर्म दारात उभे होते. गोड बोलून पदरात काही पाडून घ्यायची ती वेळ होती. बाबासाहेबांनी यजमानाच्या घरी बसून यजमानाचा दोष सांगितला. आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला लाखोंच्या समोर बावीस प्रतिज्ञा घेतल्या. कुठला देव मानणार नाही ते नाव घेऊन सांगितलं. मागं दरवाजा उघडा ठेवला नाही.

आता आजचं बोलू. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात तिसरा परिच्छेद आहे. हिंदूखेरीज दुसरा धर्म मानणारा अनुसूचित जातीचा धरला जाणार नाही. १९५६ ला शीख आत आले, १९९० ला बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच. ख्रिस्ती झालेल्या महाराला गावात पाणी वेगळं, पण कागदावर तो दलित नाही. १९८५ साली मद्रासच्या एका ख्रिस्ती चर्मकाराचा, सुसाईचा, खटला सुप्रीम कोर्टात गेला. कोर्ट म्हणालं, ख्रिस्ती झाल्यावरही तेवढंच हाल होतात याचा पुरावा नाही. २००७ साली रंगनाथ मिश्र आयोगानं हा परिच्छेद काढा असं सांगितलं. काढला नाही. २०२२ साली बालकृष्णन आयोग नेमला. आयोगावर आयोग.

मग २०२४ च्या नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टानं पुदुच्चेरीच्या एका बाईचा दाखला नाकारला. ती चर्चमध्ये नियमानं जाते आणि नोकरीसाठी हिंदू म्हणवते, खऱ्या श्रद्धेवाचून फक्त आरक्षणासाठी धर्म बदलणं ही घटनेशी फसवणूक आहे, असं कोर्ट म्हणालं. ठीक आहे, त्या एका खटल्यात कायद्याप्रमाणं झालं असेल. पण मला विचारायचं आहे ते वेगळं. खरं बोललं तर सवलत जाते आणि खोटं बोललं तर राहते, अशी तरतूद लिहिली कुणी? आणि जो ख्रिस्ती दलित हिंदू धर्मात परत येतो आणि ज्याला जात परत घेते, त्याला सवलत परत मिळू शकते, हेही २०१५ साली सुप्रीम कोर्टानंच सांगितलं आहे. बाहेर गेलास तर काढून घेऊ, परत आलास तर देऊ. मिशनरी दूधपावडर देतो त्याला आमिष म्हणायचं. मग ह्याला काय म्हणायचं?

हे झालं सरकारचं. चर्चचं काय? बिशपमंडळी दिल्लीत मोर्चा काढतात, आमच्यात जात आहे, आमच्या दलितांना सवलत द्या म्हणतात. खरं आहे ते. पण तिरुचिरापल्लीच्या मेलपुदूर कब्रस्तानात दलित आणि बिगरदलित मढ्यांच्या मध्ये भिंत आहे. मेल्यावरही भिंत. २०१६ साली कॅथलिक बिशपांच्या परिषदेनं चर्चमध्ये अस्पृश्यता आहे हे धोरणाच्या कागदात कबूल केलं. कबुली चांगली. पण दिल्लीत जे बोललं जातं ते रविवारच्या प्रवचनात, पुढच्या बाकावर बसलेल्या वरच्या जातीच्या ख्रिस्त्यासमोर बोललं जातं काय? अरविंद निर्मलांनी १९८१ साली बंगलोरच्या धर्मशास्त्र महाविद्यालयात ते बोलून दाखवलं. हिंदी ख्रिस्ती धर्मशास्त्र ब्राह्मणी तत्त्वज्ञानाच्या नादात गुंतलं, आणि बाकावर बसलेली बहुतेक माणसं दलित असून त्यांचं जगणं त्यात नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. दलित ख्रिस्ती धर्मविचार त्यातून उभा राहिला. निर्मल चर्चचेच माणूस होते. माझं माप इथं पुरतं.

आता हेच माप आपल्याला लावायचं की नाही? मागे एका शिबिरात एका पोरानं भर वर्गात सांगितलं की ख्रिस्ती लोक पावाला विकले गेले, आपण विचारानं धर्म बदलला. टाळ्या पडल्या. मी उठून विचारलं की १९५६ ते १९९० केंद्राच्या नोकरीसाठी किती बौद्धांनी दाखल्यावर 'हिंदू महार' ठेवलं? का ठेवलं? पोटासाठीच ना? मग आपल्या घरातल्या माणसाचं पोट ते पोट, आणि ख्रिस्ती दलिताचं पोट ते आमिष, हे कुठलं शास्त्र? मी त्या बापांना दोष देत नाही. पोरं शिकवायची होती. पण ज्यांना ही अडचण घरात माहीत आहे त्यांनी ख्रिस्ती दलिताला 'काय मिळालं?' विचारू नये. तो प्रश्न गांधीजींच्या गाईच्या गोठ्यातला आहे.

आणि आदेशातला तिसरा परिच्छेद निघाला तर आपल्या वाट्यात वाटेकरी वाढतील, ही भीती आपल्यात आहे. ती बैठकीत कुणी बोलत नाही, चहाच्या टपरीवर सगळे बोलतात. ती बैठकीत बोला. आकडे मागवा, जागा वाढवून मागा, भांडा. पण व्यासपीठावर 'सर्व दलित एक' आणि टपरीवर 'ह्यांना कशाला' असं करू नका. पंच हौदाच्या चहावर आपण हसतो. आपला चहा तोच आहे.

माझी सूचना अशी. पुढच्या महिन्याच्या अभ्यासवर्गात 'सत्सार' आणि पाचव्या खंडातले ते दोन लेख वाचायला घ्या. वस्तीतल्या, शेजारच्या गावातल्या ख्रिस्ती पोरांना बोलवा, आणि त्यांच्या पाठीमागं जे बोलतो ते त्यांच्यासमोर बोला. त्यांना चर्चमधल्या जातीबद्दल विचारा. ते आपल्याला महार-मांगांतल्या सोयरिकीबद्दल विचारतील. विचारू द्या. ज्याला ह्या लेखातलं पटलं नाही त्यानं लिहून पाठवावं. मी तोंडावर बोललो आहे, उत्तरही तोंडावर यावं.

जय भीम.